घर लुटवणाऱ्या बाई

बाईंनी मला पहिल्यांदा हाकललं ते उद्गारचिन्हांवरून.

आमच्या मोहिमेची मागणी साधी होती. बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी मुतारी हवी. पहाटे भाजीची पाटी घेऊन आलेली बाई अंधार पडेपर्यंत पाणी पीत नाही, कारण प्यायली तर जायचं कुठे? यात न समजण्यासारखं काही नाही. पण ते समजावण्यासाठी मी जे पत्रक लिहिलं होतं त्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हांची रांग होती. ते मी सक्करदऱ्याजवळच्या एका गल्लीत घरोघरी वाटत होते. बाईंनी फाटकात उभ्या राहूनच चष्मा नाकावर सरकवला, अख्खं पत्रक वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"कोणी लिहिलं हे?"

"मी."

"एवढी काहून ओरडून राहिली वं? एका चिन्हानं ऐकू येत नसेल त्याले तिनानं येणार आहे का? जाय, नीट लिहून आण."

मी पाय आपटत गेले. दुसऱ्या दिवशी नीट लिहून आणलं. त्यानंतर काही महिन्यांतच बाईंच्या घराची समोरची खोली आमचं ऑफिस झाली. भाडं घ्यायला बाई तयार नव्हत्या. अट एकच: प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून गेलं पाहिजे. माझ्या मते ते भाड्यापेक्षा महाग होतं.

बाई एका मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पण पाचवारी साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट कायम. उंची बेताची, आवाज मैदानाच्या मापाचा. आम्ही लॅपटॉपवर वाकून बसलो की आतल्या खोलीतून एकच शब्द यायचा, "पाठ!" आणि आम्ही सगळे, मोर्च्यात कोणाच्या बापाला न घाबरणारे, ताठ व्हायचो.

त्यांची एक गंमत होती. माणसांशी बाई नागपुरीत बोलायच्या, वस्तूंशी मात्र शाळेतल्या मराठीत. सकाळी स्वयंपाकघरात त्या भांडी लावत असल्या की मी चहाचा कप घेऊन मुद्दाम दारात उभी राहायची. मोठ्या पातेल्याला, ज्याला आपल्याकडे गंज म्हणतात, त्या म्हणायच्या, "तुम्ही मागच्या रांगेत. उंचीनुसार उभं राहायचं असतं. इतकी वर्षं झाली, अजून सांगावं लागतं?" एखादं झाकण घरंगळलं की, "आज यांचं लक्ष नाही." मग माझ्याकडे वळून, तोच श्वास, वेगळीच भाषा: "तू काय पाहून राहिली वं? कप धुवून ठेव."

सामान भरपूर होतं. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीनं वाढवलं, आणि एकटीनं संसार करणारी बाई काहीच टाकत नाही, उद्या लागलं तर मागायचं कोणाला? पाण्याचे पितळी गुंड, पराती, पाटा-वरवंटा, निवारीचा पलंग, लोखंडी कपाटं, आणि मागच्या खिडकीत कपाटाएवढाच एक लोखंडी कूलर, जो चालू झाला की आमच्या बैठकीत फक्त हातवारे चालायचे.

मुलगा पुण्याला. फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची बाईंची सवय, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. बाईंचे गुडघे गेले होते. घर पाडून तिथे इमारत व्हायची होती. एक दिवस त्याचा आवाज आला, "आई, तू दोन बॅगा भर. बाकीचं काही बघू नकोस. रथसप्तमी झाली की मी येतो, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, एका दिवसात घर मोकळं होईल."

माझं डोकं फिरलं. जिनं तुला वाढवलं ती पार्सल आहे का? मी तिथल्या तिथे मनात पत्रक लिहायला घेतलं. बाईंनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"त्याच्यावर नको काढू पत्रक. पुण्याले येतो म्हणून मीच म्हटलं त्याले. गुडघे माझे आहेत, त्याचे नाही. वाईट नाही तो. फक्त त्याले घाई आहे." मग म्हणाल्या, "पण माझं घर किलोवर जाणार नाही. ते मी होऊ देणार नाही."

किलोवर म्हणजे काय, ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं.

त्यांची थोरली बहीण कळमेश्वरला होती. ती गेली. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी भाच्यांनी भंगारवाला बोलावला. बाई तिथेच होत्या. फाटकापाशी तागडी टांगलेली, लोखंडाचा ढीग वेगळा, पितळेचा वेगळा, बाकीचं पोत्यात. "भंगारवाल्यानं काही वाईट नाही केलं वं. तो त्याचं काम करून राहिला होता. पण त्या पोत्यातून तिचा सराटा बाहेर आला होता." सराटा म्हणजे उलथणं. "मी पाहताच ओळखला. माझी बहीण डावरी होती. साऱ्या दुनियेचा सराटा एका बाजूनं झिजते, तिचा दुसऱ्या बाजूनं झिजला होता. जन्मभर तिनं त्याच्यानं भाकरी उलटवल्या. तो तागडीत पडला तेव्हा काटा हललासुद्धा नाही."

बाई रडल्या नाहीत. त्या रडणाऱ्यातल्या नव्हत्याच. बूट काढून पुन्हा घातले, नाड्या घट्ट केल्या.

"माझी प्रत्येक वस्तू मी माझ्या हातानं, माणूस पाहून देईन. रथसप्तमीच्या आत. भंगारवाल्याले तोलायले या घरात काही भेटलं नाही पाहिजे."

आमच्यातला एक कार्यकर्ता उत्साहानं म्हणाला, "बाई, हे आता शास्त्र झालंय, मोबाइलवर व्हिडिओ आहेत. वर्षभरात जे वापरलं नाही ते टाकून द्यायचं."

"टाकायचं म्हणजे कुठे टाकायचं?" बाईंनी विचारलं. "टाकलेलं कोण उचलते ते तुम्हीच तुमच्या पत्रकात छापता ना?"

त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

तर हिवाळ्यात सुरुवात झाली. बाईंची देण्याची पद्धत अशी, की घेणाऱ्याची परीक्षा व्हायची. वस्तू त्यांच्यासमोर वापरून दाखवायची, मगच फाटकाबाहेर न्यायची. कूलर कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याला द्यायचा ठरला, कारण दिवसभर त्याच्या हाताखाली कोळशाची इस्त्री आणि डोक्यावर टिनाचं छप्पर. तो बिचारा कानाला मफलर गुंडाळून आला.

"बाई, या थंडीत कूलर?"

"उन्हाळ्यात दिला तर तू वर्षभर म्हणशील बाईनं दिला. आता ने. मे महिन्यात तो तुहा स्वतःचा झाला असेल. पाणी भर. चालू कर."

त्यानं पाणी भरलं, चालू केला. बाहेर नागपूरची हाडं गोठवणारी थंडी, आणि आम्ही सगळे शाली पांघरून त्या गरगरत्या धुडासमोर ओळीनं बसलेले, दात वाजवत. बाईंनी हात पुढे करून वारा तपासला, खसाची जाळी तपासली आणि कूलरला म्हणाल्या, "छान. आता तिकडे जाऊन असंच काम करायचं." प्रेसवाल्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही छताकडे.

पण गल्लीला याचा वेगळाच अर्थ लागला. एकटी राहणारी म्हातारी अचानक भांडीकुंडी देत सुटली म्हणजे डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. कुजबुज इतकी पसरली की एक दिवस रामटेकहून बाईंची नणंद आली, रिक्षातून उतरतानाच पदर डोळ्याला. गडावरच्या देवळातला अंगारा आणला होता.

"काय झालं वं माय तुले? मले तरी सांगायचं."

"गुडघे."

"गुडघ्यासाठी कोणी पराती वाटते का? खरं सांग, कुठे आहे गाठ?"

"गाठ नाही, काही नाही. पाह्य." आणि बाईंनी, ज्यांना जिना चढताना कठडा लागायचा, दाराची चौकट धरून नणंदेसमोर बैठका मारायला सुरुवात केली. चेहरा वेदनेनं लाल. ते पाहून नणंद आणखीच मोठ्यानं रडायला लागली. शेवटी बाईंनी तिला समई देऊन वाटेला लावलं. समई घेताना ती पुन्हा रडली, कारण समई दिली म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

खरी अडचण मात्र पुढेच होती, आणि तिचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

आपल्याकडे रिकामं भांडं परत जात नाही. साखरेचे चार दाणे का होईना, टाकायचेच. आणि घेतलेल्याची परतफेड केल्याशिवाय बायकांना झोप लागत नाही. बाईंनी एकीला डबा दिला, तिनं त्याच संध्याकाळी वाटीभर सांडगे आणले. वाटी स्टीलची. आता ती वाटी परत करायची, म्हणजे त्यात काही घालायचं. दुसरीला पाट दिले, ती तिच्या गावाकडची लाकडी काठवट घेऊन आली, "बाई, तुम्हाले आवडेल म्हणून." तिसरीनं दोन उशा घेतल्या आणि गोधडी दिली. पंधरवडाभर हे चाललं, आणि मी एक दिवस स्वयंपाकघरात डोकावले तर मांडण्यांवर माणसं बदललेली, गर्दी तेवढीच.

बाई कंबरेवर हात ठेवून त्या अनोळखी वाट्यांच्या पलटणीकडे बघत होत्या. "तुम्ही कोणाच्या वर्गातले?" त्यांनी काठवटीला विचारलं.

त्यांनी फाटकावर पाटी लावून पाहिली: 'कृपया परत काही आणू नये.' बायका पाटी वाचून, मान डोलावून, पदराखालून वाटी काढायच्या.

संक्रांत आली आणि बाईंना एक कल्पना सुचली. ती ऐकून मला जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं, आणि येणाऱ्या प्रत्येकीला वाण दिलं जातं. वाण वाटायचं नसतं, लुटायचं असतं. शब्दच तो. आणि ज्या घरचं वाण घेतलं त्या घरच्या बाईला आपल्या हळदीकुंकवाला बोलावून आपलं वाण द्यायचं, झाली फिट्टमफाट. बाई त्या गल्लीत उमेदीची सारी वर्षं राहिल्या. दरवर्षी या दिवसांत त्यांच्या फाटकासमोरून काठापदराच्या साड्या जायच्या, या घरातून त्या घरात. बाईंकडे तिळगूळ यायचा, एखाद्या मुलाच्या हाती. बोलावणं नाही. कारण नवरा गेला होता. टिकली लावायच्या त्या, ती शाळेच्या नोकरीच्या नावावर गल्लीनं खपवून घेतली होती. हळदीकुंकू नाही.

"मी हळदीकुंकू करतो," बाई म्हणाल्या. "वाण म्हणून सारं घर लुटवतो. अन् मले तर कोणी बोलवतच नाही. म्हणजे वापस द्यायची सोयच नाही कोणाले. एकतर्फी रस्ता."

आणि त्या हसल्या. मनापासून, खूश होऊन. फुटक्या बादलीत तुळस लावावी तसा त्यांनी त्या अपमानाचा उपयोग शोधून काढला होता.

मी हसले नाही. मी म्हटलं, बाई, हे चूक आहे, यावर पत्रक निघालं पाहिजे. लिहिलंच मी ते. शीर्षक होतं, 'कुंकू कोणाच्या मालकीचं?' बाईंनी वाचलं, एक स्वल्पविराम काढला, घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.

"चांगलं लिहिलं. उद्गारचिन्ह एकही नाही."

"मग छापू?"

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"माझे गंज गेल्यावर."

एक पेच उरला. हळदीकुंकू लावणार कोण? बाईंनी लावलं तर निम्म्या बायका उठून जातील. मी म्हटलं, जाऊ द्या उठून. बाई म्हणाल्या, "उठून गेल्या तर गुंड तू नेते का उचलून?" मी लावायला साफ नकार दिला, तत्त्वाचा प्रश्न होता. तेव्हा बाईंनी फाटकाजवळ एक स्टूल ठेवलं, त्यावर हळदीकुंकवाची कोयरी आणि एक छोटा आरसा, शाळेतल्या हजेरीच्या टेबलासारखी सोय. ज्याचं त्यानं लावून आत यायचं.

अंगणात सामान उंचीनुसार उभं होतं. पुढे वाट्या-गाळण्या, मागे पराती, त्यामागे गुंड, शेवटी कपाटं. आधी कुतूहलानं दोघी आल्या. मग गल्ली लोटली. आरशासमोर रांग लागली. बाई रेशमी साडीत, पायात तेच बूट. एकेकीला नावानं पुढे बोलवत होत्या.

"मले गाळणी अन् तिले परात?" एकीनं लगेच तोंड वाकडं केलं.

"तुह्या घरी खाणारे दोघं. परात नेऊन काय त्याच्यात पोहते का?"

सगळ्या हसल्या, ती पण. मोठी परात गेली समोरच्या वहिनीला, कारण तिच्याकडे एकत्र कुटुंब आणि दर सणाला पुरणपोळीचा घाट. पाटा-वरवंटा एका धिप्पाड काकूंच्या वाट्याला आला. त्या वाकल्या, तशी बाईंची गर्जना झाली.

"कंबर नाही! गुडघे वाकवायचे! पाठ सरळ! हं, आता उचल!"

काकूंनी पाटा उचलला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. त्यातल्या बऱ्याच जणी बाईंच्या हाताखालून कवायत करून गेलेल्या होत्या. काही तर नकळत ओळीत उभ्या राहिल्या होत्या, हाताचं अंतर ठेवून. मी असंख्य मोर्चे काढले. एवढी शिस्त एकातही पाहिली नाही.

संध्याकाळी अंगण मोकळं झालं. आम्ही उंबऱ्यावर बसून चहा प्यायलो. आता त्या उंबऱ्याच्या जागी इमारतीचं पार्किंग आहे, आणि बाईही उरल्या नाहीत. पुण्याला गेल्यावर दोन हिवाळे काढले त्यांनी. पण त्या संध्याकाळचा गारवा, सांडलेल्या हळदीचा फाटकाजवळचा पिवळा डाग, आणि रिकाम्या घरातून आलेला आमच्याच बोलण्याचा प्रतिध्वनी, हे सगळं मला त्या गल्लीतून जाताना अजून भेटतं. तेव्हा कळलं नव्हतं की आम्ही त्या घरात इतके सुखी आहोत.

"पाह्य," बाई म्हणाल्या, "कोणी वापस आलं का काही घेऊन? नाही ना? जमलं."

जमलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी सकाळीच समोरची वहिनी आली. हातात काही नव्हतं, पण चेहरा ओढलेला. तिच्या सासूला सगळी गल्ली आजी म्हणायची. सोवळ्या-ओवळ्याची मोठी, आणि बाईंना बोलवायचं नाही हा रिवाज गल्लीत कोणी सर्वांत कडक पाळला असेल तर आजीनं.

"बाई, परवा आमच्याकडे हळदीकुंकू आहे. तुम्ही या."

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला.

"आत्याबाईंनी पाठवलं," वहिनी म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "त्या म्हणून राहिल्या, वाण घेतलं अन् फेडलं नाही तर ते वर्षभर घराच्या अंगावर राहते. रथसप्तमी निघाली की फेडता येत नाही. जेवल्या नाही त्या दोन दिवस नीट. म्हणतात, घेतली ना तिची परात? मग बोलवा तिले."

"अन् मी नाही आली तर?"

वहिनी रडकुंडीला आली. "मग परात वापस घ्या बाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या मांडणीकडे. रथसप्तमीला आठवडाच राहिला होता. मुलाचं तिकीट झालं होतं. "परात वापस नाही घेणार मी," त्या म्हणाल्या.

"मग या."

गेलो आम्ही. मीही सोबत, काही बोलणं झालंच तर भांडायला. वहिनीच्या बैठकीत सतरंजीवर बायका ओळीनं बसलेल्या, आजी कोपऱ्यातल्या दिवाणावर. बाई ओळीत बसल्या, पाठ सरळ, हात मांडीवर. वहिनी कोयरी घेऊन एकेकीला लावत आली आणि बाईंसमोर तिचा हात थांबला. हळदीत बुडवलेलं बोट हवेत. कोणीतरी खोकलं. माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार होतं.

दिवाणावरून आजीचा आवाज आला, वैतागलेला. "लाव ना वं. पंगतीत बसवलं ना तिले? मग वाढताना काहून थांबली?"

बोट टेकलं. हळद, मग कुंकू. बाईंनी डोळे मिटले होते, मैदानावर ऊन डोळ्यांवर आलं की मिटावेत तसे. वहिनीनं त्यांच्या हातात वाण ठेवलं. प्लास्टिकची गुलाबी साबणदाणी.

बाई घरी आल्या. फाटक लावलं, कडी घातली, कडी घातली का ते पुन्हा पाहिलं.

"तिचं बोट किती थंडगार होतं वं," एवढंच म्हणाल्या.

आजीच्या घरानं बोलावलं म्हटल्यावर मग थांबतंय कोण? गुंड घेतलेली, पलंग घेतलेली, पाटा उचललेली, सगळ्यांच्याच अंगावर बाईंचं वाण होतं. एका संध्याकाळी तीन-तीन बोलावणी. बाई बूट घालून निघायच्या, कपाळभर कुंकू घेऊन यायच्या.

मी तेव्हाही म्हटलं आणि आताही लिहिते: हा न्याय नव्हता. कोणी चूक कबूल केली नाही. इतक्या संक्रांती बाईंना फाटकाआड ठेवलं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. वाणाची फिट्टमफाट झाली, बस. आणि गल्लीच्या तोंडाशी मेथीच्या जुड्या घेऊन बसणारी बाई, तीही विधवाच, तिला कोणीच बोलावलं नाही. तिच्याकडे लुटवायला परात नव्हती. हे मी बाईंना तोंडावर सांगितलं. मला वाटलं रागावतील.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. पर्स उघडून घडी घातलेलं माझं पत्रक काढलं. "हे आता छाप. मेथीवालीचं लिही त्याच्यात. फक्त आजीले शिव्या नको घालू. अन् शेवटी एक उद्गारचिन्ह टाक. एकच."

रथसप्तमी झाली. मुलगा आला, आणि त्याच्या पाठोपाठ सांगून ठेवलेला भंगारवाला, खांद्यावर तागडी घेऊन. मुलगा या खोलीतून त्या खोलीत गेला. त्याच्या चपलांचा आवाज घुमत होता. बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला.

"माझं अभ्यासाचं टेबल?"

"गॅसवाल्याच्या पोरीले दिलं. दहावीत आहे ती."

"आणि बाबांची खुर्ची?"

"प्रेसवाल्याच्या बापाले. दिवसभर उभा राहायचा."

"आई, मला एकदा विचारायचं तरी."

"तू भंगारवाल्याले विचारलं. मले विचारलं होतं का?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. बसायला काही नव्हतं, म्हणून जमिनीवरच बसला, भिंतीला टेकून. बाईंना क्षणभर काय वाटलं कोण जाणे, त्या त्याच्या शेजारी बसायला गेल्या, गुडघ्यांनी नाही म्हटलं, मग नुसता त्याच्या डोक्यावरून हात फिरवून उभ्या राहिल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्यावर रागावणं मला त्या दिवशी जमलं नाही.

भंगारवाला दारात ताटकळला होता. "बाई, काहीच नाही?"

"काहीच नाही भैय्या."

"अन् ते?"

दाराशी बाईंची एक बॅग होती, आणि तिच्यावर कापडी पिशवी, फुगलेली. पिशवीच्या तोंडातून साबणदाणी दिसत होती. कंगवे, चहाच्या गाळण्या, लिंबू पिळायचं यंत्र, भांडी घासायची जाळी, छोट्या परड्या, सगळं प्लास्टिक, सगळं भडक रंगाचं. भंगारवाल्यानं तागडीचा आकडा पुढे केला.

बाईंनी पिशवी उचलून छातीशी धरली.

"आई, हे कशाला?" मुलगा उठत म्हणाला. "घरात जागा नाही गं. आणि हे असलं पुण्यात कुठल्याही दुकानात मिळतं."

"मिळत असेल," बाई म्हणाल्या. "आजवर मले कोणी दिलं होतं का?"

त्यानं बॅग स्टेशनला जायच्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि पिशवीसाठी हात पुढे केला. बाईंनी मान हलवली. त्या पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावून घेतला, आणि पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्याभोवती. गाडी सुरू झाली तशा गल्लीतल्या फाटका-फाटकांत बायका येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी कोणाकडे पाहून हात हलवला नाही. हात मोकळे नव्हते.